दूध संस्थेचा कॉम्प्युटर मध्येच का बंद पडतो: नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

सकाळी साडेसातला तात्यांचा फोन आला. मी कागल एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून घरी निघालो होतो. "आरं, डेअरीतला कॉम्प्युटर मधनंच बंद पडालंय. रांगेत माणसं वराडाल्यात. जरा येऊन बघ की." तात्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. तसाच परस्पर तिकडं गेलो.

आधी काय आहे ते लिहून ठेवतो. सेकंडहँड घेतलेला चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०, आणि '४५० वॅट' छापलेला साधा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा डबा. कॉम्प्युटर आणि मॉनिटर ६०० व्हीएच्या यूपीएसवर. कॉम्प्युटरला दोन सिरीयल केबली येतात, एक वजनकाट्याची आणि एक फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढणाऱ्या अ‍ॅनालायझरची. पावती छापणारा छोटा थर्मल प्रिंटर वेगळा. टेबलाच्या मागच्या खोलीत १००० लिटरचा बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करणारी टाकी.

तक्रार अशी: गेले दहा-बारा दिवस संकलन चालू असताना कॉम्प्युटर फटकन बंद होतो. निळा पडदा नाही, 'शटिंग डाऊन' नाही, काही नाही. बटण दाबलं की निमूट चालू. रोज होत नाही, दोन दिवसांतून एकदा. ज्याचं माप चालू असतं त्याची नोंद मात्र जाते. दूध तोवर टाकीत ओतलेलं असतं, म्हणजे परत फॅट काढायचा प्रश्नच नाही. परवा एका वैनींनी "माझं साडेचार लागलं हुतं" असं ठासून सांगितलं आणि तात्यांना ते लिहून घ्यावं लागलं. दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्यावर पॉइंटला वाढतो. त्यामुळं प्रश्न मशिनीपेक्षा भांडणाचा जास्त आहे.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडला. सिस्टीम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ च्या (मशीन नीट बंद न होता गेल्याच्या) लाल नोंदी, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून सात. आत तपशिलात बगचेक-कोड शून्य आणि पॉवर-बटण-टाइमस्टॅम्प शून्य. पहिला शून्य म्हणजे विंडोज स्वतः कोसळलेलं नाही. दुसरा शून्य म्हणजे कुणी बटण चार सेकंद दाबून धरलेलं नाही, की बटण आत अडकलेलंही नाही. थोडक्यात विंडोजला मरताना काही कळलंच नाही, उठल्यावर कळलं.

तात्यांना एक वही दिली. बंद पडलं की तारीख, वेळ, आणि त्या वेळी काय चाललं होतं ते लिहायचं. तात्या म्हणाले, "आणि टिक् असा आवाज येतोय बघ बंद पडताना." मी म्हटलं, काटा वाजत असेल. काटा खरंच सारखा पीक-पीक करतो.

४ मार्च, मंगळवार

संशय क्रमांक एक: गरमी. कॅबिनेट उघडलं तर आत पशुखाद्याच्या पेंडीची पूड. शेजारीच पेंडीचं गोदाम आहे. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांना आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींना पिवळट लेप बसलेला. त्यात हीटसिंकच्या चार खुंट्यांपैकी एक सुटलेली, कोपरा अधांतरी.

उघडायच्या आधी प्रोसेसरला पूर्ण कामाचा ताण देऊन तापमान बघितलं होतं: रिकामं असताना ५१, दहा मिनिटांनी ८८ अंश. ब्लोअरनं पूड उडवली. हे करताना पंखा पेन्सिल घालून अडवावा, नाहीतर तो वाऱ्यानं भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी पेस्ट कडक खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली, खुंटी नीट बसवली. आता ताणाखाली ६३.

कॅबिनेटला हात लावताना दोनदा झिणझिण लागली. ओली फरशी, पायात चप्पल नाही. नंतर बघू म्हणून सोडलं.

८ मार्च, शनिवार

चार दिवसांत एकदाही बंद पडलं नाही. तात्यांना छाती पुढं काढून सांगितलं, "झालं काम." चहा आणि पाव किलो खवा मिळाला.

९ मार्च, रविवार

संध्याकाळी परत बंद. खवा कालच संपला होता.

खरं तर मला मंगळवारीच शंका यायला हवी होती. हा प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी आपला वेग कमी करतो. गरमीनं थेट बंद पडणं ही त्याच्याही पुढची पायरी. ८८ ला तो नुसता कुरकुरला असता. पूड साफ केली ते बरंच झालं, पण रोग तो नव्हता. मग चार दिवस गप्प का होता? माहीत नाही. वहीत प्रश्नचिन्ह.

१० मार्च, सोमवार

आज सुट्टी. दोन गोष्टी उरकल्या. रॅमची पट्टी काढून सोनेरी दात खोडरबरानं घासले आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवली. सकाळपर्यंत एकही चूक नाही. कोल्हापुरातला एक दुरुस्तीवाला मित्र फोनवर म्हणाला, "पुढच्या बटणाची वायर काढून बघ." नोंदीत शून्य दिसत असताना त्याची गरज नव्हती, पण काढली. मदरबोर्डवरच्या त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं क्षणभर टेकवून मशीन चालू केलं. तात्या भेदरले. त्यांना वाटलं मी स्पार्क काढतोय.

मंगळवारी सकाळी पुन्हा बंद. बटण सुटलं, रॅम सुटली.

१२ मार्च, बुधवार

माझी एक चूक सापडली. मी ४१ च्या नोंदीवरची वेळ धरून चाललो होतो. ती वेळ मशीन परत उठल्याची असते! मेल्याची वेळ ६००८ क्रमांकाच्या नोंदीत असते, 'यापूर्वीचं बंद होणं अमुक वेळी अनपेक्षितपणे झालं' अशा वाक्यात, तीही मिनिटभर इकडंतिकडं. तात्या कधी लगेच बटण दाबतात, कधी आधी माणसांची समजूत काढतात. त्यामुळं माझ्या वेळा पाच-दहा मिनिटांनी चुकत होत्या.

दुरुस्त वेळा: सकाळी ६:१४, ६:३१, ६:२२, संध्याकाळी ५:५८, ६:२०, ६:०९, ६:२६, ५:५१, सकाळी ६:१९. सगळ्या संकलनातल्याच. दुपारी तात्या दोन-दोन तास दहा दिवसांच्या बिलाचं काम करतात, तेव्हा एकदाही नाही. पण घड्याळाला धरून काही जुळत नाही, अर्ध्या तासाहून जास्त घोळ आहे.

शेतीपंपांवर संशय घेऊन बघितला. पण आमच्याकडं गावठाणाचा फीडर (वीजवाहिनी) शेतीच्या फीडरपासून वेगळा आहे, आणि या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती. सोडून दिलं.

१३ मार्च, गुरुवार (होळी)

पोळी खाऊन डेअरीत. आज एसएमपीएस. मल्टिमीटरनं पिवळ्या वायरवर ११.८७ व्होल्ट, लाल वायरवर ५.०४. दोन्हीला पाच टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे १२ च्या ठिकाणी ११.४ ते १२.६. बसतंय. पण मल्टिमीटर आरामात सरासरी दाखवतो. क्षणभराची डुबकी त्याला दिसतच नाही, म्हणून 'मीटरवर बरोबर आहे' याला इथं अर्थ कमी. घरच्या मशिनीतला चांगला एसएमपीएस काढून इथं लावला. घरात पोरांनी गेम बंद झाला म्हणून बोंब मारली, होळीच होती म्हणून चालून गेलं.

१५ मार्च, शनिवार

माझ्या चांगल्या एसएमपीएसवरही बंद. संध्याकाळी ६:०४.

म्हणजे आता कॅबिनेटच्या आत संशय घ्यायला मदरबोर्डच उरला. तो बदलायचा तर या जमान्यात जुनाच मिळणार, आणि तोही कसा निघेल सांगता येत नाही. रात्री वही घेऊन बसलो. तात्यांनी मी सांगितलेले रकाने भरलेत, पण शेवटी स्वतःचा एक रकाना वाढवलाय: त्या वेळेपर्यंत किती लिटर जमा झालं होतं. मी सांगितलं नव्हतं. त्यांचं आयुष्य लिटरमध्ये जातं, म्हणून लिहिलं असणार.

९ ला १२१. ११ ला ११६. आज १२४. मागच्या तारखांचे आकडे सॉफ्टवेअरमधल्या रोजच्या यादीतून, ६००८ ची वेळ धरून काढले: ११२, १२८, ११९, ११५, १३०, १२२, ११८.

वेळ रोज वेगळी, लिटर तेच. कधी माणसं लवकर येतात, कधी उशिरा. म्हणून घड्याळात अर्ध्या तासाहून जास्त घोळ दिसत होता. मशीन घड्याळ बघून मरत नव्हतं, दूध बघून मरत होतं. झोप लागली नाही.

१६ मार्च, रविवार

पहाटे साडेपाचपासून डेअरीत कोपऱ्यात उभा. १०० लिटर झालं. ११०. ११७ ला कूलर सांभाळणारा पोरगा मागच्या खोलीत गेला आणि त्यानं स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं.

ट्यूब एकदा मिचकली. टेबलाखालून टिक् आणि एक बारीक बीप. कॉम्प्युटर गेला. मॉनिटर काळा होऊन परत उजळला, 'सिग्नल नाही'. काटा चालू, अ‍ॅनालायझर चालू, ट्यूब चालू. रांगेतल्या कुणालाही लाईट हलल्याचं कळलं नाही.

बल्क कूलरचा कॉम्प्रेसर संकलनाच्या सुरुवातीलाच चालू करत नाहीत. टाकीत ढवळणीचं पातं बुडेल एवढं दूध झालं की मग करतात, नाहीतर तळाचा दुधाचा पातळ थर गोठतो. आमच्या टाकीत ते साधारण ११० ते १३० लिटरला होतं. कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, अर्धा-एक सेकंद. तेवढ्यात व्होल्टेज खाली बसतं.

तात्यांना विचारलं, ४ ते ८ तारखेला काय झालं होतं? "त्या दिवसांत कूलर बंदच हुता की. गॅस संपलाता, मेकॅनिक येईना. दूध कॅननं शीतकरण केंद्रावर पाठवलं." मी पेस्ट लावली त्याच दुपारी कूलर बंद पडला होता. प्रश्नचिन्ह खोडलं. खव्याचे पैसे परत करायला हवेत.

आता खरा प्रश्न: यूपीएस असताना कॉम्प्युटर का मरतो? यूपीएस त्यासाठीच तर घेतलाय. त्याचा हिरवा दिवा चालू, रिकामा असताना प्लग काढला तर नीट बीप-बीप करतो. सगळे त्यावर विश्वास ठेवून होते, मीही. कॉम्प्युटर काढून त्याजागी १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावला आणि भिंतीतला प्लग काढला. बल्ब लालसर झाला आणि दोन सेकंदांत विझला.

झाकण उघडलं. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, स्टिकरवर २०२० ची तारीख. चार्जिंगला असताना मीटरवर १३.६, म्हणजे अगदी धडधाकट. बल्बचा भार पडताच ८.४ आणि आणखी खाली. बल्बला बॅटरीतून दहा अँपिअरच्या आसपास लागतात. चांगली बॅटरी तेवढा भार दहा-पंधरा मिनिटं तरी ओढते. ही नुसती व्होल्टेज दाखवायची उरली होती, करंट द्यायची नाही.

साखळी अशी लागते. कॉम्प्रेसर सुरू होतो, व्होल्टेज बसतं, यूपीएसला वाटतं लाईट गेली, तो टिक् करून बॅटरीवर उडी मारतो, बॅटरी कोसळते, बाहेर काहीच येत नाही. सेकंदाभरात लाईन सुधारते, यूपीएस परत लाईनवर येतो. एसएमपीएस चांगला असला तरी भरल्या भाराला वीज तुटल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आपल्या ५० हर्ट्झच्या एका फेऱ्याहूनही कमी. इथं भार हलका आहे, तरी सेकंद म्हणजे फारच झालं. काटा आणि अ‍ॅनालायझर यूपीएसवर नाहीतच, ते थेट बोर्डावर आहेत, म्हणून जगतात. आणि रोज बंद पडत नव्हतं, कारण ज्या दिवशी गावात व्होल्टेज चांगलं असतं, त्या दिवशी डुबकी यूपीएसच्या मर्यादेच्या वरच राहते.

तात्यांचा 'टिक्' पहिल्याच दिवशी ऐकला असता तर? यूपीएसला लाईनवरून बॅटरीवर फिरवणारा रिले होता तो.

कॉम्प्युटर तात्पुरता यूपीएस सोडून थेट लाईनवर लावला. संध्याकाळी कूलर सुरू झाला, ट्यूब मिचकली, कॉम्प्युटर हललाही नाही. संरक्षण काढल्यावर मशीन सुरक्षित. तात्यांना हे पटवायला अर्धा तास गेला. मागच्या वर्षी यूपीएस काढून ठेव म्हणणाऱ्या भाच्याला त्यांनी झापलं होतं म्हणे.

१८ मार्च, मंगळवार

बॅटरी बदलली की भागेल, पण एवढी डुबकी पडतेच का? गावचा वायरमन आणि मी दोघं बसलो. कॉम्प्युटरच्या सॉकेटला मीटर लावून कूलर चालू करायला सांगितलं: २१४ वरून १६८ पर्यंत आकडा घसरलेला डोळ्यांनी दिसला. मीटर संथ, म्हणजे खरं त्याहून खाली गेलं असणार. मेन स्विचपाशी तीच परीक्षा केली तर २१६ वरून २०१. म्हणजे मोठी डुबकी डेअरीच्या आतच तयार होतेय.

मेन बंद करून बोर्ड उघडला. न्यूट्रलचा स्क्रू ढिला, वायरचं टोक काळं, आवरण वितळून आखडलेलं. शिवाय कॉम्प्युटरचा सॉकेट कूलरच्याच लाईनवरून बारीक वायरनं फोडून घेतलेला. कूलर नंतर आला, तेव्हा घाईत कुणीतरी जोडून दिलं असणार. मागच्या वर्षी चाललं कारण तेव्हा जोड नुकता सैल व्हायला लागला होता आणि बॅटरीत जीव होता. वायरमन म्हणाला, "अजून महिनाभर असंच चाललं असतं तर बोर्ड पेटला असता." यात तो वाढवून बोलत नव्हता.

टोक कापून नवी लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) बसवली, स्क्रू आवळला. कॉम्प्युटरसाठी मेनपासून २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाईन ओढली. आता सॉकेटवर २१५ वरून २०५.

मग ती झिणझिण. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलकडून दोन छोटे कपॅसिटर कॅबिनेटला बांधलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातली गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. मीटर लावला: कॅबिनेट आणि ओली फरशी यांच्यात १०६ व्होल्ट. करंट अगदी किरकोळ, पण डेअरीत पहाटे अनवाणी, ओल्या पायांनी माणसं उभी असतात. बायका किटल्या घेऊन टेबलाला टेकतात. आणि हेच कॅबिनेट सिरीयल केबलींमधून काट्याला आणि अ‍ॅनालायझरलाही जोडलेलं. शोधलं तर सॉकेटच्या मागं अर्थची वायर जोडलेलीच नव्हती, खोक्यात गुंडाळून ठेवलेली. बाहेरचा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. वायर जोडली, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून चार बादल्या पाणी ओतलं. कॅबिनेटवर आता एक व्होल्टही नाही. न्यूट्रल ते अर्थ दीड.

कॉम्प्युटर बंद पडला नसता तर हे कुणी उघडून बघितलं असतं, असं वाटत नाही.

१९ मार्च, बुधवार (रंगपंचमी)

काही नाही. सकाळी रंगलेल्या हातांनी कुणीतरी किबोर्ड जांभळा केलाय.

२२ मार्च, शनिवार

नवी बॅटरी बसवली, ११०० रुपये. संस्थेच्या खात्यातून, पावतीसह. रात्रभर चार्ज करून रविवारी बल्बची परीक्षा: १०० वॅटवर १४ मिनिटं. बॅटरीवर मार्करनं तारीख लिहिली आणि तात्यांच्या वहीत कव्हरवर लिहिलं की दर सहा महिन्यांनी बल्ब लावून बघायचा, हिरव्या दिव्याकडं बघायचं नाही. माझा एसएमपीएस काढून घरी नेला, इथला जुना परत लावला. तो निर्दोष होता बिचारा.

३० मार्च, रविवार (गुढीपाडवा)

चौदा दिवस, अठ्ठावीस संकलनं. ४१ ची नवी नोंद नाही. उन्हामुळं दूध घटलंय, ढवळणीचं पातं बुडायलाच आता पावणेसात वाजतात, पण कूलर सुरू होताना ट्यूबसुद्धा मिचकत नाही. डेअरीच्या दारातल्या गुढीला तात्यांनी साखरेची माळ घातली, आणि एक माळ कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर ठेवली. मुंग्या येतील म्हणून मी ती हळूच काढून खाल्ली.

९ एप्रिल, बुधवार

दुपारी तात्यांचा फोन. "परत बंद पडलं लेका!" पोटात गोळा. कूलर बंद, संकलन नाही, बिलाचं काम चालू. संध्याकाळी पाळी संपवून थेट गेलो. लॉग उघडला. ४१ नाही, ६००८ नाही. दुपारी १२:४७ ला एक १०७४: वापरकर्त्यानं स्टार्ट मेनूतून बंद केलं. कारणापुढं विंडोजनं आपल्या सवयीनं लिहिलेलं, 'इतर (अनियोजित)'.

१२:४७ ला तात्या जेवायला गेले होते. खुर्चीत त्यांचा सातवीतला नातू होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "आजोबाच म्हणत्यात, खोलीतनं जाताना सगळं बंद करून जावावं."